कुलूपबंद विहिरीचं पाणी

१

औदुंबरवाडीतली विहीर बंद होती. जाड फळ्यांचं झाकण, त्यावर लोखंडी पट्टी आणि पट्टीला नारळाएवढं कुलूप. आणि झाकणावर, सकाळच्या कोवळ्या उन्हात, पाणी सांडलेलं होतं.

ही १९५५च्या मार्चमधली गोष्ट, वार गुरुवार. अंधेरीच्या पुढे आणि बोरीवलीच्या अलीकडे तेव्हा एक छोटी नगरपालिका होती. तिचं नाव सांगत नाही. पुढे ती मोठ्या महापालिकेत विरघळली, आणि विरघळलेल्या गोष्टीची चव सांगू नये. तिच्या आरोग्य खात्यात मी, बाळ गुप्ते, कनिष्ठ कारकून होतो. खात्यात सात माणसं आणि एक फवारणीचा पंप. पैकी पंप नियमित काम करी.

वाडीत चौदा बिऱ्हाडं, सगळी हापिसात जाणारी, शिकलेली. दोन वर्षांपूर्वी विहिरीपासून पंधरा फुटांवर नव्या इमारतीच्या संडासाची टाकी झाली आणि विहिरीचं पाणी तपासणीत नापास झालं. मग वाडीला नळ दिले आणि विहिरीला कुलूप. विहीर बुजवायचा ठरावही झाला होता. तो फायलीत सुखरूप होता.

आणि आता वाडीत पाच जणांना टायफॉईड झाला होता.

"किल्ली कुणाकडे असते?" आमच्या डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"एक तुमच्या कपाटात, एक माझ्याकडे. करगोट्याक बांधलेली आसा," दत्ताराम परब म्हणाला.

दत्ताराम आमचा संडास-सफाईचा मुकादम. मूळचा मालवणकडचा, आधी गिरणीत होता. गिरणीतून सुटल्यावर सात वर्षं आमच्याकडे 'तात्पुरता' होता, आणि येत्या एक एप्रिलला कायम होणार होता. पालिकेच्या चाळीतली खोली त्या नोकरीवरच टिकून होती.

"मग पाणी काय विहिरीनं स्वतः वर आणून ठेवलं?"

"सायबानू, देवाशपथ, मी कुलूप उघडूक नाय."

"दुधात घालायला दूधवाल्याला पाणी तूच देतोस. सगळी वाडी म्हणते. शनिवारी बारा वाजता कमिटी आहे. गुप्ते, बडतर्फीची नोटीस टाइप करा. आणि हा आपलं सामान शनिवारी संध्याकाळी हलवेल, तेही लिहा."

साहेब निघून गेले. दत्ताराम कुलपाकडे बघत उभा राहिला. कुलपाच्या भोकात मातीचा एक गोळा दिसत होता. आमच्या खात्याची कुलपं तशीच असत, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते उत्तराबाईंनी. उत्तराबाई दिघे आमच्या हेल्थ व्हिजिटर. पंचेचाळिशीच्या, पांढरं लुगडं, काळी छत्री, आणि समोरचा खोटं बोलत असला की त्याला चहा विचारायची सवय. त्या वाकल्या, हातातली बांगडी काढली आणि फळीवरच्या ओल्या खुणेवर ठेवली. खूण गोल होती. बांगडी तिच्यावर बरोब्बर बसली.

"गुप्ते," त्या म्हणाल्या, "दूधवाला एवढ्याशा बादलीनं पाणी नेतो?"

मी पुन्हा पाहिलं तोवर ऊन चढलं होतं आणि पुरावा वाळला होता.

२

दूधवाल्याचं नाव चंद्रप्रकाश. साकीनाक्याच्या तबेल्यातून सायकलवर दूध घेऊन यायचा. त्या दिवशी त्याच्या किटल्या भरलेल्याच होत्या, कारण वाडीनं दूध बंद केलं होतं.

"पानी मिलाते हो?" बाईंनी विचारलं.

चंद्रप्रकाशनं माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मिलाता हूँ, बाईजी."

मी घाईघाईनं वही उघडली.

"लेकिन अपने कुएँ का! साकीनाके से इधर पानी चुराने कौन आएगा? सायकल पे? उधर क्या पानी की कमी है?"

मी वही मिटली. चोर एवढा प्रामाणिक निघाला की तपासाची वाट लागते.

"दूध सगळेच उकळतात," बाई चालता चालता म्हणाल्या. "शिवाय पाच आजाऱ्यांपैकी दोघांच्या घरी आरेच्या बाटलीचं दूध येतं. चंद्रप्रकाशचा थेंब नाही."

"मग दत्ताराम सुटला?"

"दूध सुटलं. किल्ली अजून त्याच्याच करगोट्याला आहे."

मग बाईंनी घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारला: गेल्या तीन आठवड्यांत तोंडात काय काय गेलं? "टायफॉईड आज पेरला की पंधरवड्यानं उगवतो," असं त्यांचं म्हणणं. आजाऱ्यांनी मनापासून सांगितलं. एका आजींनी एकादशीच्या शेंगदाण्यांची संख्याही सांगितली. मॅट्रिकला बसलेल्या दोन मुलांनी चोरून खाल्लेली भेळ कबूल केली आणि आईचा मार खाल्ला. पण पाचही जणांत मिळून एक घास किंवा एक घोट समान निघेना.

भांडी घासायला शेवंती सगळ्या घरांत जाई. ती दत्तारामचीच बायको.

"मी सगळ्यांकडे चाय पितंय, उरलासुरला खातंय," ती म्हणाली. "माका तर शिंकसुद्धा नाय. बाईनू, शनवारी खोली गेली तर पोरांक घेऊन खय जाव?"

बाईंनी तिला चहा विचारला नाही, म्हणजे ती खरं बोलत होती.

"शेवंती काय खाते-पिते ते कळलं," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "आता ती काय खात-पीत नाही ते शोधू या."

३

सगळ्यांत जास्त आजारी होती प्रेमा. दहा वर्षांची, श्यामसुंदरपंत वैद्यांची नात. ताप एकशे चारच्या खाली उतरत नव्हता.

पंत म्हणजे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. विहिरीशेजारी औदुंबराखाली दत्ताचं छोटं देऊळ होतं, त्याची पूजा ते करत. मला त्यांची ओळख कागदावरून होती. नळ आले तेव्हा त्यांनी अकरा पानी अर्ज दिला होता: नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो, सबब ते पाणी सोवळ्यात चालत नाही, पालिकेनं खुलासा करावा. पालिकेनं खुलासा केला: अर्ज दप्तरी दाखल.

पंतांची सून पद्मजा प्रेमाच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. "पाणी नळाचंच पितो हो बाई आम्ही सगळे. तेही उकळून, गाळून. मामंजीसुद्धा. पिण्याच्या पाण्याचं प्रायश्चित्त घेता येतं म्हणतात."

तेवढ्यात पंत आत आले. उंच, सुकलेले, डोळे जागरणानं लाल. हातात पंचपात्र. त्यांनी पळीभर तीर्थ प्रेमाच्या ओठांशी नेलं.

बाईंनी त्यांचा हात हलकेच धरला. "पंत, कुठलं पाणी हे?"

"दत्ताचं तीर्थ. दिवसातून तीन वेळा देतोय."

"ते कळलं. पाणी कुठलं?"

"शुद्ध," पंत म्हणाले.

कोर्टात चाळीस वर्षं काढलेला माणूस विचारलं तेवढंच सांगतो.

"डॉक्टरांनी ताकीद दिलीय," बाईंनी बेधडक थाप मारली. "नव्या कॅप्सूल चालू आहेत तोवर उकळल्याशिवाय थेंब द्यायचा नाही. तीर्थसुद्धा. औषध बिघडतं."

पंतांनी पळी परत पंचपात्रात ठेवली. नातीसाठी देवालाही थांबवायची त्यांची तयारी होती, हे मला तेव्हा नीट दिसलं.

निघताना पद्मजानं आम्हांला देऊळ दाखवलं. "दत्तगुरूंची कृपा बघा. पादुका संगमरवरी आहेत, पांढऱ्या शुभ्र. पण दोनेक वर्षांत चंदनासारखा रंग चढलाय. लांबून लोक बघायला येतात!"

बाईंनी पादुकांना नमस्कार केला. नमस्कार जरा लांबला. वाकून त्या काहीतरी पाहत होत्या.

"गुप्ते, त्या शेंगदाणेवाल्या आजी रोज देवळात येतात. मॅट्रिकची दोन्ही पोरं परीक्षा जवळ आली म्हणून येतात. प्रेमा तर पंतांचीच. तीर्थ सगळ्यांनी घेतलं, पण सांगितलं कुणीच नाही. खाण्यापिण्यात तीर्थ कोण मोजतं? आणि शेवंती मुकादमाची बायको, तिला पायरीच्या वर कुणी येऊ देत नाही."

"मग सापडलं की!"

"चार सापडले. पाचवा कोण आहे, विसरलात?"

मी विसरलो नव्हतो. पाचवा विद्याधर कर्णिक होता, आणि तो देवळात गेला असेल यावर खुद्द दत्तानंही विश्वास ठेवला नसता.

४

विद्याधर कर्णिक विमा कचेरीत बढतीची वाट बघत होता आणि बुद्धिवादी मंडळाचा चिटणीस होता. मंडळात तीन सभासद होते. ते दर रविवारी देव नसल्याचा ठराव एकमतानं पास करीत. देवळावरून जाताना विद्याधर मान मुद्दाम दुसरीकडे वळवी. वाडीतल्या सगळ्या आस्तिकांनी मिळूनही देवळाची एवढी दखल घेतली नव्हती.

शुक्रवारी सकाळी तो पांघरुणात गुरगुटून बसला होता.

"देवळात जाता?" बाईंनी विचारलं.

"मी? बाई, तापात आहे म्हणून काहीही विचाराल?"

"तीर्थ, प्रसाद?"

"अंधश्रद्धा! तसलं पाणी मी पायावरही घेणार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "चहा घेणार?"

मी चमकलो. विद्याधरला कळलं नाही. तो "घेईन की" म्हणाला.

मागच्या मोरीत शेवंती कपडे धूत होती. बाई तिच्यापाशी उकिडव्या बसल्या. "साहेबांच्या कपड्यांवर डाग बिग?"

"ह्यो बघा ना." शेवंतीनं एक रुमाल पिळून समोर धरला. "सगळे जातत, ह्यो जाणा नाय. दर शनवारच्या रुमालाक. साबण लाव, सोडा लाव, ढिम्म." रुमालाच्या कोपऱ्यात फिकट तपकिरी ठिपके होते.

पादुकांवरचाच रंग.

बाईंनी लिंबाची फोड मागवली आणि डागावर पिळली. बघता बघता तो विरला.

"आता हात दाखव," त्यांनी दारात आलेल्या दत्तारामला सांगितलं. त्याच्या बोटांवर तसाच तपकिरी रंग होता. त्यावर लिंबू चोळलं, बोटं स्वच्छ.

"दर शुक्रवारी विहिरीत काय टाकतोस?"

"लाल औषध. विहीर बंद, पण हुकूम चालू आसा. लोक म्हणतत मी औषध विकतंय."

"औषध पाण्यात गुलाबी दिसतं, पण वाळलं की असा डाग पडतो. साबणाला भीक घालत नाही, लिंबाला ऐकतं. म्हणजे तू औषध टाकत होतास, याला साक्षात दत्त साक्षीदार आहे."

बाई तो रुमाल घेऊन आत गेल्या. मी मागोमाग.

"कर्णिक, बढतीची यादी कधी लागणार?"

विद्याधर आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग पांघरूण नाकापर्यंत ओढून आतून बोलला, "महिनाअखेर. आईनं सांगितलं, नुसतं पळीभर घे, नुकसान काय आहे. मी विश्वास न ठेवता घेत होतो, बाई. रोज. हात लगेच पुसून टाकायचो. मंडळात सांगू नका हो."

"मंडळात नाही सांगणार. पण एका माणसाची भाकरी तुमच्या या लाजेवर अडकली होती."

पांघरूण डोक्यावरून गेलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "म्हणजे विहिरीचं पाणी देवळात जातं. पण कुलूप? साहेब म्हणतील, दत्तारामनंच उघडून दिलं!"

"म्हणतीलच," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आता आपण उघडून बघू या."

५

उघडता आलं नाही. दत्तारामनं करगोट्याची किल्ली काढली, पण ती आत जाईना.

"तो गोळा बघा," बाई म्हणाल्या. "कुंभारमाशीचं घर. आत अळ्या आहेत. चिखल सुकून टणक झालाय. हे कुलूप गेल्या काही आठवड्यांत कुणीही उघडलेलं नाही. मी काल सकाळीच पाहिलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात!"

"साहेबांनी विचारलं असतं, पाणी कसं आलं? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उत्तराशिवाय पुरावा दाखवला तर साहेब कुंभारमाशीलाही नोटीस देतील."

त्या दत्तारामकडे वळल्या. "कुलूप उघडत नाही, तर दर शुक्रवारी औषध टाकतोस कुठून?"

दत्तारामनं झाकणाच्या मधोमध असलेली पत्र्याची चकती अंगठ्यानं सरकवली. एका खिळ्यावर फिरणारी. खाली गोल भोक होतं. खात्यानंच पाडलेलं, आराखड्यात 'औषधमार्ग' अशी नोंद असलेलं. मी ती नोंद स्वतः नकलून काढली होती. आमच्या खात्याच्या मते त्या मार्गानं गोष्टी फक्त आत जात; बाहेर यायची परवानगी कुणी मागितलेली नव्हती.

बाईंनी हातातली बांगडी भोकावर धरली. भोक बांगडीहून बोटभर मोठं.

"बादली जाणार नाही," मी म्हणालो.

"गडू जाईल. दोरी बांधलेला."

मला एकदम पंतांचा अकरा पानी अर्ज आठवला. तोटीतलं चामडं. माणसांना प्रायश्चित्त आहे. देवाला कुठून असणार?

"मग आत्ताच जाऊन सांगू या पंतांना!"

"काय सांगाल? रुमाल आणि बांगडी? वाडी आपल्यालाच झाकणाखाली ढकलेल. आणि पंत कोर्टातले आहेत. त्यांना पुरावा डोळ्यांसमोर लागतो." त्यांनी दत्तारामच्या हातातला औषधाचा डबा घेतला आणि तोलला. "आज किती टाकणार?"

"नेहमीसारखा. मूठभर."

"सगळा टाक. तेवढंच उद्याचं पाणी कुणाला बाधणार नाही. आणि गुप्ते, साहेबांना सांगा, उद्या सकाळी सातला देवळात या. कमिटीच्या आधी दर्शन चांगलं असतं."

६

शनिवारी सकाळी देवळासमोर वीसेक माणसं होती. पंत गाभाऱ्यात सोवळ्यात. अभिषेक आटोपला. साहेब रांगेच्या शेवटी, टोपी काखेत, घड्याळ बघत. दत्ताराम आणि शेवंती पायरीच्या खाली.

रांगेत पहिल्या उत्तराबाई उभ्या होत्या. त्यांनी उजवा हात पुढे केला. पंतांनी पळी उचलली आणि तीर्थ बाईंच्या तळहातावर पडलं.

गुलाबी.

"अगं बाई!" मागून कुणीतरी किंचाळलं. "तीर्थाला रंग आला! चमत्कार!" लोक पुढे सरसावले. दोघी बायकांनी तिथेच लोटांगण घातलं.

"कुणी पिऊ नका," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण सगळे थांबले. "चमत्कार नाही हा. खात्याचं औषध आहे. काल दुपारी बंद विहिरीत टाकलेलं. दत्तारामनं." मग पंतांकडे वळून त्या म्हणाल्या, "पंत, मी आता कोर्टात विचारतात तसं विचारते. देवाचं पाणी कुठून आणता?"

पंत बाईंच्या तळहातावरच्या गुलाबी पाण्याकडे बघत राहिले.

"विहिरीतून," ते म्हणाले. "रोज पहाटे, अंधारात. झाकणाला भोक आहे. गडू सोडतो."

"पंत!" साहेब रांग मोडून पुढे आले. "तीन दिवस मी कुलूप, कुलूप करतोय, आणि तुम्ही गप्प?"

"तुम्ही विचारत होता, कुलूप कुणी उघडलं. मी कुलपाला हात लावलेला नाही." चाळीस वर्षं कामाला आलेली ती युक्ती त्यांना स्वतःलाच पटेना. "चोरी म्हणून नव्हे हो. देवाला चामड्यातून आलेलं पाणी कसं घालू? आणि दोन वर्षं कुणाला काही झालं नाही..."

"टाकी यंदा जास्त पाझरायला लागली असेल," बाई म्हणाल्या. "औषधाचा जोर दोन दिवस. सोमवारपासून जंतूंना रान मोकळं."

"मी पण तेच घेतो. मला काही कसं झालं नाही?"

"लहानपणी विषमज्वर झाला होता?"

"झाला होता. एकवीस दिवस."

"एकदा झाला की सहसा पुन्हा गाठत नाही."

पंतांनी पळी खाली ठेवली. पळीचा आवाज झाला. "म्हणजे प्रेमाला... दिवसातून तीन वेळा... मीच?"

मला वाटलं, बाई म्हणतील, तसं नाही हो. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "पण गुरुवारपासून थांबवलंत ना. आज सकाळी ताप दोनवर आलाय. मी आत्ताच तिच्याकडून आले."

पंत गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसले. सोवळ्याची पर्वा न करता.

साहेबांनी टोपी घातली. "गुप्ते, ती नोटीस..."

"टाइप केलेली आहे, साहेब."

"फाडा."

आमच्या खात्यात एखादा कागद फाडायचा तोंडी हुकूम मी पहिल्यांदाच ऐकला. अंमलबजावणीला मी विलंब लावला नाही.

७

दुपारी दत्ताराम पान्हा घेऊन देवळाजवळच्या नळापाशी आला. कुणी बोलावलं नव्हतं. तोटी खोलली, आतून काळी, भिजून फुगलेली चामड्याची चकती काढली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली रबराची चकती बसवली. चंद्रप्रकाशनं ट्यूब दिली होती. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. अर्ज अकरा पानी होता.

पंत देवळाच्या पायरीवरून बघत होते. सकाळपासून त्यांच्या तोंडात पाणी गेलं नव्हतं.

"रबर आसा, पंतानू," दत्ताराम म्हणाला. "जनावराचा काय एक नाय. आता चलात?"

"चालेल." पंत पायरीवरून उठले. "दत्ताराम, तुला काढणार हे मला गुरुवारीच कळलं होतं."

"होय?"

"मी स्वतःशी म्हटलं, मला कुणी काही विचारलेलं नाही."

दत्तारामनं पान्हा पुसला. त्याच्या मनात काय आलं, ते मला त्याच्या तोंडावर वाचता आलं नाही. मग तो म्हणाला, "आता मी इचारलंय. ह्या पाणी देवाक चलात?"

पंत आत गेले आणि देवाचा तांब्याचा कलश घेऊन आले. पायऱ्या उतरले. संडासांच्या मुकादमासमोर, दुपारच्या उन्हात, त्यांनी तो कलश पुढे केला.

"तू भर," ते म्हणाले. "तोटी तू बसवलीस. पहिलं पाणी तुझ्या हातचं."

"मी?" दत्तारामनं मागं शेवंतीकडे पाहिलं. "अरे घे रे," ती म्हणाली, "हात दुखतले त्यांचे."

त्यानं कलश घेतला, नळाखाली धरला. पाणी काठाशी आल्यावर तोटी बंद केली.

"आता वीस मिनिटं उकळा," उत्तराबाई छत्री उघडत म्हणाल्या.

"देवाला?" पंत म्हणाले.

"देवाला टायफॉईड होत नाही, पंत. रांगेतल्यांना होतो."

एक एप्रिलला दत्ताराम कायम झाला. प्रेमा महिन्याभरात उठली. केस गेले होते, ते परत आले. विद्याधरला बढती मिळाली, आणि त्याचं श्रेय कुणाला द्यावं या पेचात बुद्धिवादी मंडळ फुटलं. अहवालात 'आजाराचं मूळ कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'वायसर'. साहेबांनी सही केली, कारण त्या रकान्यात माणसाचं नाव नव्हतं.

औदुंबरवाडीच्या देवळात मात्र तेव्हापासून तीर्थ कोमट मिळू लागलं. उपनगरात असं दुसरं देऊळ नव्हतं. गोरेगावापासून लोक येऊ लागले आणि म्हणू लागले, स्थान जागृत आहे, तीर्थाला धग लागते. पंतांनी ते कुणाला खोडून काढलं नाही. पण कुणी विचारलं, हे पाणी कुठलं, तर ते आता नुसतं 'शुद्ध' म्हणत नसत.

"नळाचं," ते म्हणत. "उकळलेलं. दत्ताराम परबानं भरलेलं."